जागेवाल्याचं पान

मोबाइल उलटे ठेवा आधी. हां. त्या उजेडात तुमची तोंडं निळी दिसतात, आणि निळ्या तोंडाच्या माणसांना गोष्ट सांगायची मला सवय नाही. अक्षया, कंदील बारीक कर. वीज काय बारा वाजल्याशिवाय येत नाही. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलाय हा भागोजीमामा, वायरीची लक्षणं त्याला कळतात.

नितेशला ओळखता ना तुम्ही सगळे? माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आता तो खाली बघून चालतो आणि म्हातारी माणसं बोलायला लागली की गप्प बसतो. तुम्हाला वाटतं, किती सालस! अरे, सालस कसला. ती सालस व्हायची पाळी त्याच्यावर एका रात्रीत आली. त्याआधी त्याच्याएवढा दीडशहाणा अख्ख्या रत्नागिरीत नव्हता. मुंबईला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आला, तो अर्ध्या हळकुंडाने असा पिवळा झाला की आईच्या हातची पेजसुद्धा त्याला जुनाट वाटायला लागली. जे त्याने केलेलं नाही ते सगळं जुनाट. मी चाळीस गावांना फोन जोडले, तर मला म्हणायचा, "मामा, तुझी ती तारांची मजुरी."

तर ऐका. सन दोन हजार सहा. सप्टेंबरची बावीस तारीख, शुक्रवार. सर्वपित्रीचा दिवस. दुपारी माझ्याकडे पितरांचा म्हाळ झाला, नितेश पाच वडे आणि वाटीभर खीर चापून गेला. माझ्या आईबापाचं पान मी घातलं, कावळाही लगेच शिवला. मी समाधानाने आडवा झालो. रात्री नऊ वाजता नितेश निघाला राजिवड्याला, कमालभाईंकडे. काम काय? एक कॅमेरा लावायचा. मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणि दोन हात वायर. पाच मिनिटांचं काम.

कमालभाईंचं घर खाडीच्या अंगाला. वर बिऱ्हाड, खाली सायबर कॅफे. दहा कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर, म्हणजे त्या दहांचा मुकादम. बाहेरचं इंटरनेट आधी सर्व्हरात यायचं, तिथून दहांना वाटलं जायचं. राजिवड्यातल्या निम्म्या घरांचे पुरुष आखातात, त्यामुळे संध्याकाळी बायकापोरांची तिथे रीघ लागायची, आवाज ऐकायला आणि चेहरा बघायला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिथेच निकाह होता. कमालभाईंची मुलगी इरम. नवरा मुलगा उमेर, कतारला समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर नोकरीला. त्याची रजा ऐन वेळी रद्द झाली. शनिवारी दुपारी त्याला जे फलाटावर नेणार ते सहा महिन्यांनी परत आणणार. दोन दिवसांवर रमजान. मुलाच्या चुलत्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवलेली, ते टपूनच बसले होते. म्हणून ठरलं की निकाह इंटरनेटवरून लावायचा. काझीसाहेबांनी एकच अट घातली, नुसत्या आवाजावर कबुली घेणार नाही, साक्षीदारांना मुलाचा चेहरा दिसला पाहिजे.

"नितेश, बाबा," कमालभाई म्हणाले, "फक्त कॅमेरा लाव. सर्व्हरला हात लावू नको. आत्माराम गेल्यापासून आम्ही त्याच्यावरची धूळसुद्धा फुंकर मारून काढतो."

"चाचा, तुम्ही झोपा निवांत," नितेश म्हणाला.

इरम चहा घेऊन आली. हातावर ओली मेंदी, कप दोन बोटांत धरलेला. म्हणाली, "नितेशदादा, उद्या दिसतील ना ते नीट?"

"दिसतील? अगो, नाकावरचा तीळ मोजशील त्याच्या."

ती हसली आणि वर गेली. नितेशने पाच मिनिटांत कॅमेरा लावला. झालं होतं काम. घरी यायचं ना? पण मेल्याची नजर सर्व्हरकडे गेली.

आता हा आत्माराम कोण, ते सांगतो. आत्माराम मूळचा अलोऱ्याचा, बाप कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वायरमन. बाप गेला, आई गेली, लग्न केलं नाही. रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळला. मासिकांबरोबर सीड्या फुकट मिळायच्या, त्यातून लिनक्स शिकला. लिनक्स म्हणजे सर्व्हर चालवायची प्रणाली. कुणी शिकवलं नाही, सर्टिफिकेट नाही. कमालभाईंनी मागची खोली राहायला दिली, त्यांच्या बेगम हाजराभाभी रोज रात्री वरून त्याचं ताट पाठवायच्या. सहा वर्षांत तो कॅफे एक दिवस बंद पडला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आत्माराम सर्व्हरसमोरच्या खुर्चीत बसल्या जागी गेला. नात्याचं कोणीच नव्हतं. लाकडं कमालभाईंनी आणली. अग्नी मी दिला. बरीच वर्षं एकत्र चहा प्यायलो होतो, दुसरं कोण होतं?

तर नितेश त्याच खुर्चीत बसला. सर्व्हर उघडून बघतो, तर लिनक्स पाच वर्षांपूर्वीचं. "काय हा उकिरडा!" म्हणाला, एकटाच, मोठ्याने. पिशवीत नव्या लिनक्सच्या सीड्या होत्याच. हात शिवशिवायला लागले. उद्या लग्नाला माणसं येतील, नवा सर्व्हर बघतील, नितेशचं नाव होईल. जुन्याची नक्कल काढून ठेवायची असते आधी. हा शहाणा नेहमी सांगायचा, "बॅकअप भित्रे लोक घेतात."

नवं चढवायच्या आधी त्याने आत्मारामच्या फायली चाळल्या, हसायला काहीतरी पाहिजे म्हणून. तिथे त्याला ती ओळ सापडली.

हे नीट समजून घ्या. सर्व्हरला वायर जोडायला कार्ड असतं, म्हणजे दार. दाराला पत्ता असतो, आकड्यांचा. पण लिनक्समध्ये असंही करता येतं की दार नाही, कार्ड नाही, वायर नाही, नुसता पत्ता लिहायचा. व्हर्च्युअल इंटरफेस म्हणतात त्याला. भिंतीवर नुसता घरनंबर रंगवावा तसं. पण त्या नंबरावर पत्र टाकलं तर पोचतं! आत्मारामने असा एक पत्ता लिहिला होता, शेवटचा आकडा तेरा. आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा: "जागेवाल्याचं पान. उचलू नये."

आपल्याकडे कार्य असलं की पंगतीत एक पान जास्त मांडतात ना, जागेच्या राखणदाराचं? ज्याची मुळात जागा, त्याचं पहिलं पान. आत्मारामने ते सर्व्हरमध्ये मांडलं होतं. कमालभाईंनी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "कमालभाई, दहा मशिनी जेवतात, त्याचं अकरावं." कमालभाई म्हणाले, "मांड बाबा. जागा माझ्या आजाने घेतली खरी, पण त्याच्या आधी कोण होतं ते मला काय ठाऊक?" मोठ्या मनाची माणसं ती.

आणि हा आमचा दिवटा? पोट धरून हसला. "सर्व्हरमध्ये भुताला जेवण! म्हणे सिस्टिम बघायचा!" ओळ पुसली. आत्मारामचं खातं पुसलं. सीडी घातली.

साडेबाराला जुन्याच्या जागी नवं लिनक्स चढलं; इंटरनेटच्या जोडणीची फाइल तेवढी त्याने तशीच राहू दिली. सर्व्हर बंद करून चालू केला. आणि दहाच्या दहा कॉम्प्युटरांवर इंटरनेट गायब.

नितेशला काही वाटलं नाही. शोधलं, सापडलं. सर्व्हरला दोन कार्डं होती. नव्या लिनक्सने त्यांची नावं अदलाबदल केली होती. पहिल्याला दुसरं म्हणायचं, दुसऱ्याला पहिलं. असं होतं म्हणे. त्याने नावं सरळ केली. सर्व्हरात इंटरनेट आलं. पण दहांपैकी एकालाही मिळेना. मग एकेकाच्या आत डोकावला, तर दहाही जण एकच पत्ता विचारत होते. तेरा. आत्मारामने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाहेर जायचं तर त्या पानावरून जायचं. जागेवाल्याला विचारून.

आता एक ओळ परत लिहिली की काम संपत होतं. एक ओळ! पण शेपूट वाकडं ते वाकडंच. "त्या रेडिओवाल्याची ओळ मी लिहू?" म्हणाला. त्याने सर्व्हरला स्वतःच्या आवडीचा पत्ता दिला, शेवटचा आकडा एक, आणि दहाही कॉम्प्युटरांवर तेरा खोडून एक लिहीत बसला. दीड वाजला. सगळीकडे इंटरनेट आलं. आळस दिला, चप्पल घातली.

पाठीमागे पहिल्या कॉम्प्युटरवरचं पान मिटलं. मग दुसऱ्यावरचं. तिसऱ्यावरचं...

दहाही बंद. बघतो तर दहाही ठिकाणी पुन्हा तेरा.

"व्हायरस," तो म्हणाला. पुन्हा लिहिलं. एक एक एक. दहाव्यावर पोचेपर्यंत पहिल्यावर तेरा परत.

तेव्हा त्याला घाम फुटला. भुताचा नव्हे हं, बेअब्रूचा. दोन वाजून गेलेले. इंटरनेटचा पासवर्ड आत्मारामने सर्व्हरातच सांकेतिक करून ठेवलेला, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे सर्व्हर वगळून थेट जोडायची सोय नाही, आणि सर्व्हरच्या लिनक्सवर तो कॅमेरा चालत नव्हता. जुनं लिनक्स पुसलेलं. दुसऱ्या कॅफेत जावं तर परक्या पोरांच्या गर्दीत नवरी मुलगी नेऊन बसवायची? अकरा वाजता काझीसाहेब येणार. वर मेंदीचे हात उशाशी घेऊन ती पोर झोपलेली. पहिल्यांदा त्याला कळलं की आपण काय करून ठेवलंय. तिचं लग्न मोडलं तर ते या सीडीने मोडणार होतं.

तरी अक्कल बघा. त्याला वाटलं, शेजारपाजारच्या कोणीतरी चोरून वायर टाकली असेल आणि तेरा पत्ता तो वापरत असेल. म्हणून त्याने सर्व्हरवरून तेराला हाक मारली. पिंग म्हणतात त्याला. आपण हाक मारायची, पत्त्यावर कोणी असेल तर ओ येते.

ओ आली.

"सापडला चोर!" नितेश म्हणाला. उठला आणि दहाही कॉम्प्युटर बंद केले. सगळा कॅफे काळोखा. फक्त सर्व्हरचा पडदा उजळ.

ओ येतच होती. दर सेकंदाला एक.

त्याने सर्व्हरमागची वायर उपटली. दोन्ही वायरी. टोकं हातात घेऊन उभा राहिला.

ओ आली.

सर्व्हरच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढून बघितली. तेरा त्यात नव्हता. नव्हताच.

ओ आली.

मग त्याचं लक्ष त्या आकड्याकडे गेलं. ओ येते ना, तिच्यासोबत एक आकडा असतो. ओ निघते तेव्हा तो चौसष्ट असतो, आणि वाटेत एकेक वेस ओलांडली की एकेकाने कमी होतो. कमी आकडा म्हणजे लांबची ओ. नितेशच्या समोर आकडा होता एकोणपन्नास. पंधरा वेशींपलीकडून... आणि वायर तर त्याच्या हातात.

पुढची ओ. पन्नास.

एक्कावन्न.

बावन्न...

नितेश खुर्चीत बसला. पळावं, तर दार त्या दहा काळ्या पडद्यांच्या पलीकडे.

छप्पन्न.

भरती उतरायची वेळ. खाडीचं पाणी रोज घाटाला लागून वाजायचं. ते वाजेना. रातकिडे नाहीत. कुत्रं नाही.

एकोणसाठ.

साठ.

म्हणजे चार वेशी उरल्या. राजिवड्याचा नाका... मशिदीची गल्ली... अंगण... उंबरा...

एकसष्ट.

त्याने बटणं दाबली, थांबवायला. थांबेना.

बासष्ट.

त्रेसष्ट...

मागे खोलीच्या दाराला कापडी पडदा होता. जाड, हिरवा. नितेशने मागे बघितलं नाही. मला तो एवढंच म्हणाला, "मामा, नाही बघितलं मी."

चौसष्ट.

एकही वेस नाही. याच खोलीतून.

आणि ओ थांबली. सर्व्हरचा पडदा कोरा. नुसता तो ठिपका, लुकलुकणारा. वाट बघत...

पान मागायला आलेला बोलत नाही, पोरांनो. उभा राहतो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आमचा शहाणा, सर्टिफिकेटवाला, बॅकअप न घेणारा, रडायला लागला. हमसून हमसून. म्हणाला, "चुकलो. मांडतो. माझं जाऊदे, त्या पोरीचं लग्न तेवढं होऊ दे." आणि ती ओळ परत लिहिली. एकच ओळ. पत्ता, शेवटी तेरा. शेरा लिहायचं त्याला सुचलंही नाही. घड्याळात दोन सत्तेचाळीस. वायरी जोडल्या, दहाही कॉम्प्युटर चालू केले. दहाही ठिकाणी इंटरनेट आलं. आणि बाहेर खाडीचं पाणी वाजायला लागलं.

हा बाहेर पळाला, शटर ओढून कुलूप ठोकलं आणि ओट्यावर खांबाला टेकून बसला. पहाटे नमाजाला निघालेल्या कमालभाईंना तो तिथे दिसला. किल्ली मुठीत. मूठ उघडेना.

अकरा वाजता निकाह लागला. उमेरचा चेहरा लख्ख दिसला, नाकावरचा तीळसुद्धा. काझीसाहेबांनी तीनदा विचारलं, त्याने तीनदा कबूल म्हटलं, आणि आत बायकांत एकदम हुंदके आणि हसू सुटलं. इरमला आता दोन मुलगे आहेत, कतारलाच असते.

इथे संपली असती तर मी म्हटलं असतं, चला, पोराला अद्दल घडली. पण दुपारी बिर्याणी पोटात गेली, ऊन पडलेलं, माणसं पाठ थोपटतायत. त्यात शहाणपण पुन्हा उगवलं. म्हणाला मनाशी, झोप नव्हती, डोळ्यांना भास झाला. ती ओळ कोणी बघितली तर आपलं हसं होईल. पुसून टाकू आणि आता निवांत नीट करू. अरे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी...! गेला मागच्या खोलीत. फाइल उघडली.

आणि मला फोन केला. आवाज असा की मी ओळखला नाही.

"मामा, काल रात्री तू कमालभाईंच्या कॅफेत आला होतास?"

"मी वडे खाऊन घोरत होतो, शहाण्या. का?"

"नाही... तू ये."

मी गेलो. त्याने पडदा दाखवला. नितेशची ओळ होती, तेराची. तिच्यावर त्याने न लिहिलेला शेरा परत आलेला: जागेवाल्याचं पान, उचलू नये. आणि खाली आणखी एक ओळ. नवी. आणखी एक पत्ता, दार नसलेला. शेवटचा आकडा चौदा. फाइल शेवटची लिहिल्याची वेळ पहाटे चार वाजून पाच मिनिटं. तेव्हा शटरला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली नितेशच्या मुठीत.

दुसरं पान. त्याच्यावरही शेरा होता. तो वाचून मी त्याच खुर्चीत खाली बसलो.

जूनमध्ये स्मशानात पाऊस असा कोसळत होता की सगळे शेडखाली पळाले. चितेपाशी मी एकटाच. तिथे मी आत्मारामला बोललो होतो. ओठातल्या ओठात, माझं मला ऐकू येईल एवढंच. जिवंत माणसाने ते ऐकलेलं नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि तीन महिन्यांत मी ते विसरलो. सर्वपित्रीला माझ्या आईबापाला जेवू घातलं, खीर ओरपली आणि झोपलो. नितेशला मी दीडशहाणा म्हणतो. त्याने निदान खोटं समजून पान उचललं. मी कोण?

तेव्हापासून दर सर्वपित्रीला माझ्याकडे एक पान जास्त असतं. तुम्ही विचारता ना दरवर्षी, मामा, हे कोणाचं? हे त्याचं.

शेरा इंग्रजी अक्षरांत होता, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. "आत्मारामचं पान. भागोजी घालतो म्हणाला होता."